शटर नेमकं कुठं अडतं

रात्री दहानंतर जळगावच्या नवीपेठेतून किंवा बळीराम पेठेतून चालत जा आणि बंद दुकानांच्या पायथ्याशी बघा. शटरच्या खालच्या दोन-तीन पट्ट्यांवर, पत्र्याचा साचा धरून फवारलेल्या रंगात, एक मोबाइल नंबर असतो. वर लिहिलेलं असतं: शटर रिपेरिंग, ऑइलिंग, ग्रीसिंग. दुकानदाराला कुणी विचारलेलं नसतं. रात्रीतून कुणी मारून जातं, आठवड्यानं त्यावर दुसरा कुणी आपला नंबर मारतो. शेठ लोक यावर वैतागतात, थिनरनं पुसायला लावतात. आणि ज्या दिवशी सकाळी साडेनऊला शटर कमरेएवढं वर येऊन तिथंच रुसतं, त्या दिवशी तेच शेठ फुटपाथवर उकिडवे बसून अर्धवट पुसलेले आकडे जुळवत असतात.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘दार’ हा विषय कळवला, तेव्हा वाडे, दिंड्या आणि तोरणं इतर लेखक बघून घेतील असं धरून मी या दारामागं गेलो. खानदेशात रोज सगळ्यात जास्त ताकद लावून उघडलं आणि मिटलं जाणारं दार हेच. मेहीटमध्ये, म्हणजे मेच्या रखरखीत उन्हात, आणि मग पाऊस लागल्यावर जळगाव-धुळ्याच्या बाजारांत मी शटरवाल्या मिस्तरींच्या मागं हिंडलो. अमेरिकेत मोटारीच्या गॅरेजचं दार अडलं की घरमालक स्वतः पाना घेऊन उभा राहतो. तिथं वर सरकणाऱ्या, जोडपट्ट्यांच्या दाराचा शोध 1921 चा आणि त्याला वीज जोडली गेली ती 1926 साली, म्हणजे शंभर वर्षांची सवय आहे. आपल्याकडं मोटार बहुधा अंगणात किंवा फाटकाच्या आत उभी असते. ज्याच्यासाठी शटर लावावं असं धन दुकानात नाहीतर गोदामात असतं. यंत्र मात्र जवळचं नातेवाईक आहे, आणि अडायच्या खोडीही त्याच.

आधी खाली

एका कापडदुकानापुढं मी पोचलो तेव्हा शटर गुडघ्याच्या वर येऊन थांबलं होतं. आत काउंटरवर ट्यूबलाइट चालू. म्हणजे दुकानातला पोऱ्या खालून सरपटत आत जाऊन आला होता. बाहेर शेठ, पोऱ्या, शेजारचा चप्पलवाला आणि रिक्षा लावून थांबलेला एक जण असे चौघं मिळून ‘हं, हं, लाव’ करत शटर वर रेटत होते. मोटारसायकलवरून मिस्तरी आले. पिशवीत मोठा पाइप पाना, हातोडा, छिन्नी, सागाचा एक ठोकळा, डिझेलची बाटली, चिंध्या आणि ओळंबा. ‘काय व्हयनं?’ एवढं विचारलं आणि उत्तर ऐकायच्या आत चौघांना बाजूला केलं. ‘जोर नका लावू, शेठ. जोरानंच बसलंय ते.’

त्यांनी शटर वर नेलं नाही. दोन्ही टोकांना हात ठेवून, बोटभर या अंगाला, बोटभर त्या अंगाला असं हलवत ते खाली आणलं. पार जमिनीला टेकवलं. मग मागं सरकून नुसतं बघत राहिले. मला बघायला सांगितलं ते खालच्या जाड पट्टीकडं: उजवं टोक ओट्याला टेकलेलं, डाव्या टोकाखालून बोट जाईल इतकी फट. शटर वर अडत होतं, पण तिरकं खालपासूनच होतं.

दुसरी खूण चॅनलच्या आत. भिंतीला दोन्ही बाजूंना जे उभे लोखंडी खाचे असतात, ज्यांत पट्ट्यांची टोकं वर-खाली पळतात, त्यांना इथं कुणी चॅनल म्हणतं, कुणी गाइड. मिस्तरींनी मोबाइलचा उजेड आत टाकला. सगळीकडं तांबूस गंज आणि काळपट मळ, आणि छातीच्या उंचीवर वीतभर लांब, नुकत्या घासलेल्या भांड्यासारखा लखलखीत ओरखडा. घासतंय ते तिथं. आता तिथं घासणारी पट्टी कोणती, हे शोधायला त्यांनी डोळे वापरलेच नाहीत. पट्ट्यांच्या टोकांवरून तळहात वरून खाली फिरवला. एका ठिकाणी हात अडला. एक पट्टी शेजारणींपेक्षा अर्ध्या बोटानं बाहेर आली होती.

शटर हा एकसंध पत्रा नव्हे. एकमेकींच्या कडांत अडकवलेल्या, साधारण तीन इंच रुंदीच्या पट्ट्यांची ती माळ असते. कडा गोल वळवलेल्या असल्यानं पट्ट्या एकमेकींत फिरू शकतात, म्हणून तर शटर वर गुंडाळलं जातं. पण त्याच कडांतून पट्टी आडवी घसरूही शकते. ती घसरू नये म्हणून टोकांना क्लिपा ठोकतात, नाहीतर कड चेपून बंद करतात. क्लिप पडली, चेपलेली कड झिजली, की पट्टी रोज केसभर सरकते आणि एक दिवस चॅनलच्या भिंतीला दात लावते. या दुकानातही एका पट्टीची क्लिप गेली होती. ठोकळा टोकाला लावून वर हातोड्याचे हलके ठोके देत मिस्तरींनी पट्टी जागेवर नेली, नवी क्लिप बसवली, ओरखड्याची कड कानशीनं मऊ केली. चौघांकडून न हललेलं शटर मग पोऱ्यानं एका हातानं वर लोटलं.

क्लिप का पडली, याचं उत्तर दुकानाच्या आत होतं. डाव्या बाजूला दोन पुतळे साड्या नेसून उभे, म्हणून रोज सकाळी उजव्या अंगानंच शटर उचललं जायचं, आणि रात्री बंद करताना उजव्याच टोकावर पाय देऊन दाबलं जायचं. वर्षानुवर्षं एकाच अंगानं. मिस्तरींनी पुतळे हलवायला सांगितलं. शेठनी ‘बघू’ म्हटलं. ते पुतळे आजही तिथंच असतील, याबद्दल मला शंका नाही.

पाइपात कोंडलेली ताकद

दहा फूट रुंद, आठ फूट उंच अशा नेहमीच्या गाळ्याचं अठरा गेजच्या पट्ट्यांचं शटर साधारण शंभर किलो भरतं. दहावीतला मुलगा ते उचलतो याचं कारण वरच्या पेटीत दडलेलं आहे. तिथं आडवा लोखंडी पाइप दोन ब्रॅकेटांवर पक्का आवळलेला असतो. त्याच्यावर बिडाची चाकं, आणि प्रत्येक चाकाच्या पोटात पोलादी पत्तीची गुंडाळी, म्हणजे स्प्रिंग. गुंडाळीचं आतलं टोक पाइपाला, बाहेरचं चाकाला. शटरची सगळ्यात वरची पट्टी चाकांना. शटर खाली ओढलं की चाकं फिरतात आणि स्प्रिंग आवळत जाते. रात्री शटर बंद करताना आपण उद्या सकाळच्या कामाची निम्मीअधिक ताकद आजच भरून ठेवत असतो.

म्हणून ‘जड झालं’ ही तक्रार आणि ‘अडतं’ ही तक्रार मिस्तरी वेगळी धरतात, दुकानदार मात्र दोन्हीला ‘जाम’ म्हणतो. ओळखायची रीत सोपी आहे. शटर निम्म्यावर आणून हात काढा. जागच्या जागी राहिलं तर तोल बरोबर. धाडकन खाली आलं तर स्प्रिंग ढिली, किंवा पाइप आवळणारा क्लॅम्प सैल पडून पाइपच मागं फिरलेला. हात सोडताच वर पळालं तर स्प्रिंग जास्त ताणलेली. असं शटर रात्री कुलपाला हिसके देत राहतं आणि कडी वाकवतं. एकच बाजू खाली ओढत असेल तर अनेकांपैकी एक स्प्रिंग तुटलेली. स्प्रिंग तुटते तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो, असं दोन-तीन दुकानदारांनी सांगितलं. एकाला गल्लीत सिलिंडर फुटल्यासारखं वाटलं होतं.

ताण द्यायचं काम मी जवळून पाहिलं ते दाणा बाजारात. शिडीवर मिस्तरी, खाली त्यांचा पुतण्या. क्लॅम्पचे बोल्ट ढिले करायच्या आधी पाइपाला पाना घट्ट बसवला, पान्याच्या दांड्यात लांब नळी घातली. मग बोल्ट सैल करून सगळं अंग टाकत पाइप फिरवला, पुतण्यानं दुसरा पाना अडकवून धरला, पहिला काढून पुन्हा घेतला. एवढा वेळ दोघंही एक शब्द बोलले नाहीत. पाना निसटला तर पाइप उलटा गरागरा फिरतो आणि नळी मनगट किंवा जबडा घेऊन जाते. मिस्तरींच्या हनुवटीवर जुनी खूण होती; मी विचारलं नाही, त्यांनीच बोट ठेवून दाखवली. वाचकांपैकी कुणाला हातकामाची हौस असेल तर चॅनल साफ करा, पट्टी ठोका, कुलपात तेल सोडा. पाइपाला हात लावू नका.

आणखी एक भानगड गाळे जोडण्यातून येते. धंदा वाढला की शेजारचा गाळा घेतात, मधली भिंत पाडतात आणि ऐटीत एकच रुंद शटर लावतात. भारतीय मानकाचा साधारण हिशेब असा की हातानं ओढायचं शटर आठ चौरस मीटरपर्यंत असावं, बॉल बेअरिंग घातलं तर बारापर्यंत, त्यापुढं गिअर आणि साखळी. दहा बाय आठचा गाळा या हिशेबात साडेसात चौरस मीटरच्या आत बसतो. बारा बाय दहा केलं की अकरा होतात. तिथं बेअरिंगचे पैसे वाचवले तर पाइपाच्या मधोमध पोक येतो, पट्ट्या मध्यात झोळ खातात, टोकं चॅनलमध्ये आत-बाहेर होतात, आणि मग शेठ म्हणतात, ‘नवं शटर, तरी अडतं.’

मेहीट, ग्रीस आणि धूळ

मे महिन्यात पारा 45 च्या पुढं गेला की भुसावळ-जळगावच्या पट्ट्यात सगळ्या बिघाडांचं खापर उन्हावर फुटतं. ‘उन्हानं शटर फुगतं’ हे मला जवळजवळ प्रत्येक दुकानात ऐकायला मिळालं. गणित करून बघितलं. पोलादाचा तीन मीटर लांबीचा तुकडा 20 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापला, आणि पश्चिमेच्या उन्हातलं शटर तेवढं तापतंच, तर तो वाढतो जेमतेम दीड मिलिमीटर. नीट बसवलेल्या शटरला चॅनलमध्ये याहून कितीतरी जास्त मोकळीक ठेवलेली असते. तेव्हा आधीच घासत असलेल्या शटरला ऊन शेवटचा धक्का देऊ शकतं. चांगल्या शटरला नुसत्या उन्हानं काही होत नाही.

खरा गुन्हेगार फवारलेल्या जाहिरातीच्या शेवटच्या शब्दात आहे: ग्रीसिंग. दुकानदार हौसेनं चॅनलमध्ये पिवळं ग्रीस लिंपून घेतो. पहिला आठवडा शटर लोण्यावरून गेल्यासारखं जातं. मग फागणापासून सुटणारा वारा शेतातली वाळलेली काळी माती आणि रस्त्याची धूळ घेऊन येतो, ग्रीस ती धरून ठेवतं, उन्हात ग्रीसमधलं तेल पाझरून जातं आणि मागं उरतो तो काळा, घट्ट लगदा. दाणा बाजारात आणि एमआयडीसीतल्या डाळमिलींकडं त्यात तुरीचा, हरभऱ्याचा भुसा मिसळतो. एका गोदामाच्या चॅनलमधून मिस्तरींनी छिन्नीनं जे खरवडून काढलं त्याची पोळीच निघाली; वास डाळीचा, हात लावला तर डांबर.

जुने मिस्तरी चॅनलला ग्रीस लावतच नाहीत. डिझेलच्या चिंधीनं पुसून कोरडं करतात आणि पट्ट्यांच्या टोकांवर मेणबत्ती घासतात. ग्रीस हवं ते वर, बेअरिंगला आणि चाकांना, जिथं धूळ कमी पोचते. मग ‘ग्रीसिंग’ची जाहिरात कशाला, असं विचारल्यावर एक जण मोकळेपणानं हसले. गिऱ्हाईकाला काहीतरी लावलेलं दिसलं पाहिजे. नुसतं पुसून दिलं तर पैसे देताना त्याचा हात खिशात अडतो.

काळ्या मातीवरची दुकानं

काही शटरं मात्र पट्टी ठोकून, चॅनल पुसून, ताण देऊनही अडतात. जानेवारीत सुरळीत, ऑगस्टमध्ये अडलेली, दिवाळीत पुन्हा बरी. अशा ठिकाणी मिस्तरी ओळंबा काढतात.

तापी, गिरणा, वाघूर, पांझरा यांच्या काठची काळी कसदार माती कापसाला आणि केळीला जितकी मानवते तितकी भिंतींना नाही. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरुमापर्यंत नेला असेल तर इमारतीला फरक पडत नाही. पण हमरस्त्यालगत, वावराच्या कडेला, दोन-तीन फुटांवर पाया उरकून काढलेल्या गाळ्यांच्या रांगा ऋतूबरोबर हलतात. भिंतीला तडा दिसायच्या आधी चॅनल बोलतात. वरच्या अंगाला दोन चॅनलमधलं अंतर मोजा, मग खाली मोजा. धुळ्याकडून पारोळ्याला जाताना रस्त्याकाठच्या एका खताच्या दुकानात हा फरक दीड बोटाचा निघाला. शटर वरपर्यंत मोकळं, खाली येताना दोन्हीकडून आवळलं जाणारं.

इथं कारागिराची नियत कळते. सोपा उपाय म्हणजे पट्ट्यांची टोकं कटरनं कापायची. शटर लगेच चालतं, मिस्तरी पैसे घेऊन जातो. पुढच्या उन्हाळ्यात माती आक्रसून चॅनल लांब गेले की त्याच पट्ट्या खाच्यातून बाहेर पडतात, आणि मग शटर चोराला नुसत्या हातानं उचकटता येतं. अवघड उपाय म्हणजे एका बाजूचा चॅनल उखडून, ओळंब्यात धरून, मागं पत्र्याच्या चकत्या घालून पुन्हा बसवायचा. तिसरा उपाय पायाचा. तो मिस्तरीच्या हातात नाही आणि दुकान भाड्याचं असेल तर दुकानदाराच्याही नाही. घरमालकाला भाडं दिसतं, ओळंबा दिसत नाही.

पावसाळ्याचा दुसरा त्रास गावातला. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट, असा रस्ता चढत गेला आणि ओटे खाली राहिले. पाणी शटरच्या पायाशी थांबतं, खालची पट्टी आणि चॅनलची तळटोकं कुजतात, कुलपाची दांडी ज्या भोकात जायची त्यात चिखल भरतो. दांडी अर्धीच जाते, शटर हलतं, हलून वाकतं. पाऊस असताना शटरला हात लावण्यापूर्वी वरच्या पाटीकडं बघा असंही मिस्तरी बजावतात. लाइटच्या पाटीची सोललेली वायर शटरच्या पेटीला टेकलेली असेल तर सगळं दुकानच करंट धरतं.

धुळ्याचे ट्रक

धुळ्याच्या शटरांचं दुखणं थोडं वेगळं आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते इथं एकमेकांना छेदतात, त्यामुळं ट्रान्सपोर्टची गोदामं भरपूर. तिथलं शटर धुळीपेक्षा ट्रकच्या मागच्या बंपरला जास्त भितं. ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा क्लीनर आणि आरशात न दिसणारी वीतभर जागा. पट्ट्या वाकल्या की त्या मध्येच आत दबतात, टोकं चॅनलमधून निसटतात, आणि कुणीतरी घाईनं शटर वर ओढतं. वाकलेला भाग गुंडाळीत शिरून अडकतो. अशा वेळी वरून पेटीचा पत्रा उघडून, पट्ट्या एकेक करून आडव्या सरकवून काढाव्या लागतात. आग्रा रोडमागच्या एका गोदामात असं काम रात्रभर चाललं, कारण आतला माल पहाटेच्या गाडीत भरायचा होता. वाकलेल्या पट्ट्या मिस्तरींनी रस्त्यावर रेल्वे रुळाच्या तुकड्यावर ठेवून सरळ केल्या. सरळ म्हणजे डोळ्याला सरळ. एकदा मुरडलेलं लोखंड तिथंच पुन्हा मुरडतं. म्हणून अशा पट्ट्या ते वरच्या भागात घालतात आणि वरच्या धडक्या पट्ट्या खाली आणतात, जिथं पुन्हा धक्का बसायची शक्यता जास्त.

जुन्या धुळ्यात फिरताना शटरच्या आधीचं दारही भेटतं. 1818 नंतर खानदेश इंग्रजांकडं गेला, कॅप्टन ब्रिग्जनं धुळ्याला मुख्य ठाणं केलं, व्यापारी आणून वसवले, आणि सरळ रेषेत पेठा आखल्या गेल्या. गल्ल्यांना आजही नंबर आहेत. त्या गल्ल्यांत एखाद्या किराणा दुकानाला अजून फळ्या आहेत: उंबऱ्यात आणि वरच्या तुळईत खोबण, त्यात उभ्या सागाच्या फळ्या एकामागून एक सरकवायच्या, शेवटच्या फळीवर आडणा आणि कुलूप. फळ्यांवर आकडे कोरलेले असतात, कारण चौथी फळी पाचवीच्या जागी जात नाही. आषाढात लाकूड पाणी धरतं आणि फळी खोबणीत बसते ती बसतेच. तिथल्या आजोबांचा उपाय असा की फुगलेली फळी तेव्हा रंधायची नाही. रंधली तर माघात तिच्या शेजारी फट पडते. खडू नाहीतर मेण लावून चार महिने काढायचे. मिस्तरी पट्टी कापायला का तयार नसतात, ते मला त्या दुकानात जास्त पटलं.

दिवाळीआधीचा रंग

शटरवाल्यांचा सुगीचा काळ कोणता, हे मला वाटलं होतं तसं निघालं नाही. मे नाही, जुलैही नाही, दसऱ्यानंतरचे दिवस. धनत्रयोदशीला जळगावच्या सराफ बाजारात जी गर्दी होते तिच्या आधी सगळा बाजार घासूनपुसून रंगवून निघतो. रंगारी शटर बंद करून त्यावर राखाडी नाहीतर निळा ऑइलपेंट मारतो, आणि मनापासून काम करणारा असेल तर ब्रश चॅनलच्या आतही घालतो, पट्ट्यांच्या जोडातही भरतो. रंग रात्रीतून वाळतो. सकाळी सगळं शटर एका तुकड्याचं झालेलं असतं. जोर लावला की जोड तडतडतात, रंगाचे पापुद्रे चॅनलमध्ये पडतात आणि पट्ट्यांखाली पाचरीसारखे बसतात.

मिस्तरी सांगतात ते साधं आहे: रंगाच्या आधी चॅनलच्या तोंडाला कागदाची पट्टी चिकटवा, रंग ओला असतानाच शटर दोन-तीनदा हळूच वर-खाली करा, जोडात पातळ हात मारा. रंगाऱ्याला हे सांगितलं की तो म्हणतो, मग डाग पडतील. दोघांचंही खरं आहे.

अलीकडं सराफांकडं आणि मोठ्या शोरूममध्ये मोटरची शटरं आली आहेत; बटण दाबलं की घुर्र करत वर. त्यांत माणसाच्या हाताला कळणारा अडथळा मोटरला कळत नाही. हाताला घासल्याचं जाणवतं आणि माणूस थांबतो. साधी मोटर ओढत राहते आणि सरकलेल्या एका पट्टीपायी दहा वाकवते. वीज गेली तर चालवायला साखळी दिलेली असते. ती साखळी बहुतेक दुकानांत शटरच्या आतल्या बाजूला लोंबत असते. बाहेरून कशी ओढायची, असं मी एका सराफी दुकानाच्या राखणदाराला विचारलं. मागच्या बोळात एक लहान लाकडी दार आहे, तो म्हणाला. पावसाळ्यात तेही अडतं.